तानपुऱ्यामागची खरखर

भारतीय रागसंगीताच्या रेकॉर्डवर धुळीला लपायला जागा नसते. वाद्यवृंदाने गच्च भरलेल्या चित्रपटगीतात एखाद-दुसरी टकटक ढोलकीच्या ठेक्यात विरून जाते. विलंबित ख्यालात तसं होत नाही. तानपुऱ्यांची जोडी झंकारत असते, गायकाने षड्ज लावलेला असतो, दोन स्वरांच्या मध्ये मोकळी जागा असते आणि गाण्याचा निम्मा अर्थ त्या मोकळ्या जागेत असतो. किशोरी आमोणकरांची भूप आणि बागेश्रीची एलपी किंवा उस्ताद अमीर खाँ यांची मारवा-दरबारीची एलपी ज्यांनी मन लावून ऐकली आहे, त्यांना हे ठाऊक आहे. सुईखाली धुळीचा एक कण आला की त्याचा आवाज नेमका त्या मोकळ्या जागेत येतो. ऐकणारा दचकतो आणि मनातली मींड तुटते.

ही खरखर म्हणजे जुन्या रेकॉर्डचा स्वभावच, असं आपण वर्षानुवर्षं मानत आलो. तिच्यात जुना काळ ऐकू येतो, असंही काही जण प्रेमाने सांगतात. मला ते पटत नाही. जी. एन. जोशी यांच्यासारख्या रसिक गायकाने एचएमव्हीच्या मुंबई शाखेत राहून एकेका मानी कलावंताची मनधरणी केली, त्यांना स्टुडिओत आणलं, तासाभराचा राग वीस-बावीस मिनिटांच्या एका बाजूत बसवून घेतला. हे सगळं आपण गाणं ऐकावं म्हणून होतं. खरखरीचा बराच मोठा भाग गाण्याचा नाही, ध्वनिमुद्रणाचा नाही, रेकॉर्डच्या वयाचाही नाही. तो मळ आहे, आणि मळ काढता येतो.

रेकॉर्ड ऐकणाऱ्यांच्या घरांत अलीकडे रेकॉर्ड धुण्याचं यंत्र दिसू लागलं आहे. साधारण मिक्सरच्या खोक्याएवढी पेटी, वर फिरणारी तबकडी, बाजूला एक पोकळ नळी आणि आत व्हॅक्यूमची मोटार. दिसायला साधं, चालू केलं की घरभर आवाज करणारं. हा लेख त्या यंत्राविषयी आहे, आणि ते आपल्याकडच्या रेकॉर्डींना इतकं का लागतं याविषयीही.

खाच केवढी, कण केवढा

कोलंबिया कंपनीने १९४८ साली अमेरिकेत मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी एलपी बाजारात आणली. लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूत तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं मावत असे. ते वीस मिनिटांच्या पुढे गेलं, कारण खाच अतिशय बारीक झाली आणि तबकडी विनाइलची झाली. या खाचेची वरची रुंदी साधारण पन्नास-साठ मायक्रॉन असते, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. तिचा छेद इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा, दोन भिंतींमध्ये नव्वद अंशांचा कोन. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ एलपी आल्या तेव्हा एका भिंतीवर डावा आवाज आणि दुसऱ्या भिंतीवर उजवा आवाज कोरला जाऊ लागला.

वीस मिनिटांच्या एका बाजूवरची ही सर्पिल खाच सरळ केली, तर तिची लांबी चारशे मीटरच्या वर भरेल. सुईचं हिऱ्याचं टोक एवढी वाट दर खेपेला चालतं. बाहेरच्या कडेला तिचा वेग सेकंदाला सुमारे पन्नास सेंटिमीटर असतो, लेबलाजवळ येईपर्यंत तो निम्म्याहून कमी होतो. सुईवर टाकलेला भार दीड-दोन ग्रॅमचाच असतो. पण हिरा भिंतीला जिथे टेकतो ती जागा इतकी लहान असते की तिथला दाब दर चौरस सेंटिमीटरला टनांच्या हिशेबात जातो. अशा वेळी मधे आलेला वाळूचा कण नुसता आवाज करून जात नाही. वाळू विनाइलपेक्षा पुष्कळ कठीण. सुई तिला भिंतीवर रगडते आणि जिथे स्वराची नाजूक नागमोड कोरलेली आहे तिथे ओरखडा राहतो. तो ओरखडा मग कोणत्याही पाण्याने जात नाही. म्हणून मळकी रेकॉर्ड लावणं म्हणजे ती थोडी थोडी खोडत जाणं आहे.

आपल्या घरातला मळ

रेकॉर्ड धुण्याची बहुतेक यंत्रं युरोप-अमेरिकेत घडली. तिथल्या घरातला मळ म्हणजे प्रामुख्याने कपड्यांचे तंतू, त्वचेची धूळ आणि सिगारेटचा धूर. आपल्याकडचा मळ वेगळा आणि अधिक चिवट आहे. मराठी घरात रेकॉर्ड प्लेअर दिवाणखान्यात असे, आणि दिवाणखान्याला लागूनच स्वयंपाकघर. फोडणीचा धूर आणि तेलाचे सूक्ष्म थेंब हवेतून येत आणि रेकॉर्डवर पातळ थर धरत. सकाळी भूपाळ्या आणि अभंगांची रेकॉर्ड लागायची तेव्हा शेजारी उदबत्ती आणि कापूर जळत असे, त्यांची काजळी त्या तेलकट थरावर बसे. गणेशोत्सवात घरातल्या रेकॉर्डी मांडवात जात, दहा दिवस गुलाल आणि रस्त्याची धूळ खाऊन परत येत. डोक्याला तेल लावलेल्या हातांचे ठसे वेगळेच.

त्यावर पावसाळा. कोकण, मुंबई आणि गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतली आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते. कागदी पाकीट ओलं धरतं, बोटांच्या ठशांवर आणि तेलावर बुरशी वाढते, मग पांढुरके ठिपके आणि जाळ्या दिसू लागतात. मडगाव किंवा रत्नागिरीकडून आलेल्या पेटीतल्या बहुतेक रेकॉर्डींवर असे ठिपके सापडतात.

असा मळ कोरड्या फडक्याने निघत नाही. तेलात रुतलेली धूळ फडक्याने खाचेत अधिक खोल दाबली जाते. सदऱ्याच्या टोकाने रेकॉर्ड पुसून लावण्याची सवय आपल्याकडे घरोघरी होती, आणि आज जुन्या बाजारात मिळणाऱ्या रेकॉर्डींवर जे केसासारखे गोल ओरखडे दिसतात त्यातले अनेक त्या प्रेमळ पुसण्याचे आहेत.

दोऱ्यापासून सुरुवात

धुळीशी झगडा रेकॉर्डइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये सेसिल वॉट्स या ध्वनितंत्रज्ञाने पन्नासच्या दशकात ‘डस्ट बग’ नावाचं साधन काढलं. छोट्या दांडीला लावलेला बारीक ब्रश रेकॉर्ड वाजत असताना सुईच्या पुढे खाच झाडत जाई. पण ते झाडणंच होतं, धुणं नव्हे.

खरा विचार मांडला पर्सी विल्सन यांनी. ‘द ग्रामोफोन’ या इंग्रजी मासिकाचे ते तांत्रिक संपादक होते. रेकॉर्डवर नेमका कोणता मळ बसतो आणि तो कसा काढावा, याचा त्यांनी साठच्या दशकात पद्धतशीर अभ्यास केला. रेकॉर्ड ओली करून घासली की मळ सुटतो, पण तो त्याच पाण्यात राहतो. पाणी वाळलं की तो पुन्हा खाचेच्या तळाशी बसतो, तेव्हा पाणी वाळण्याच्या आत ते मळासकट ओढून घेतलं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. ते तसंच वाळू देणं म्हणजे साबणाचं पाणी न काढता कपडा दोरीवर टाकण्यासारखंच.

विल्सन यांच्या कल्पनेवरून कीथ मंक्स या इंग्रज कारागिराने साठच्या दशकाच्या अखेरीस यंत्र बांधून विकायला सुरुवात केली. बीबीसी त्याच्या सुरुवातीच्या ग्राहकांपैकी एक. त्या यंत्रात टोनआर्मसारख्या दांडीच्या टोकाला बारीक तोटी असते. तोटी रेकॉर्डला थेट टेकू नये म्हणून तिच्या तोंडाशी नायलॉनचा दोरा असतो. रिळावरून तो सावकाश उलगडत राहतो, त्यामुळे रेकॉर्डला सतत ताजा दोराच लागतो आणि वापरलेला दोरा मळक्या पाण्याबरोबर आत ओढला जातो. दांडी लेबलाकडून बाहेरच्या कडेकडे सरकते आणि एकामागून एक सगळ्या खाचांतलं पाणी शोषते. आजही ध्वनिसंग्रहालयांत या पद्धतीला मान आहे. पण यंत्र महाग आणि काम संथ.

घराघरांत पोचली ती दुसरी पद्धत. इथे तोटीच्या जागी लांब फट असलेली नळी असते. ती लेबलापासून कडेपर्यंत रेकॉर्डवर आडवी बसते आणि फटीच्या दोन्ही काठांवर मखमलीच्या पट्ट्या असतात. अमेरिकेत न्यू जर्सीच्या व्हीपीआय कंपनीने ऐंशीच्या दशकात या पद्धतीची यंत्रं लोकप्रिय केली. नंतर नेदरलँड्‌सची ओकी नोकी, ऑस्ट्रियाची प्रो-जेक्ट अशा कंपन्यांनी ती लहान आणि सुटसुटीत केली. तोटीच्या यंत्राला एका बाजूला काही मिनिटं लागतात. मखमली नळीचं यंत्र दोन फेऱ्यांत रेकॉर्ड कोरडी करतं. अल्ट्रासाउंडच्या लहरींनी पाण्यात सूक्ष्म बुडबुडे फोडून मळ काढणारी यंत्रंही आता आली आहेत. त्यांची किंमत मात्र बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे.

पुण्यातली एक सकाळ

पुण्यात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या घरी हे काम नीट पाहायला मिळालं. बंद गॅलरीत टेबल, टेबलावर यंत्र, शेजारी दोन बाटल्या, दोन ब्रश आणि धुतल्यावर रेकॉर्ड उभी करायला स्टीलचा ताटाळा. मी पाण्याची बाटली उचलली तेव्हा त्यांनी हात पुढे केला.

“थांबा. आधी उजेडात धरा. तिरक्या उजेडात काय दिसतंय ते बघितल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही.”

दिव्याच्या तिरक्या प्रकाशात रेकॉर्ड फिरवली की धूळ, ठसे, बुरशी आणि ओरखडे वेगवेगळे ओळखू येतात. मोकळी धूळ आधी कार्बन तंतूंच्या कोरड्या ब्रशने काढायची, नाहीतर ओली केल्यावर तिचा चिखल होतो. मग रेकॉर्ड यंत्रावर ठेवून मधे लेबल झाकणारी चकती घट्ट करायची. यंत्र फिरू लागलं की द्रावणाची पातळ धार सोडायची आणि मऊ ब्रशने ते सगळीकडे पसरवायचं. ब्रश खाचेच्या दिशेनेच फिरला पाहिजे, आडवा कधीच नाही. काही फेऱ्या सरळ, काही फेऱ्या उलट. मग एक-दोन मिनिटं द्रावण नुसतं मुरू द्यायचं. या वेळात तेल सुटतं, म्हणून घाई केली तर पुढचं सगळं वाया. फक्त एकच लक्ष ठेवायचं, रेकॉर्डवर द्रावण वाळता कामा नये.

यानंतर नळी रेकॉर्डवर आणून मोटार सुरू करायची. मोठा आवाज होतो, ओली काळी चकती एका फेरीत कोरडी दिसू लागते. दुसऱ्या फेरीनंतर थांबायचं. कोरडी रेकॉर्ड मखमलीवर उगीच फिरत राहिली तर तिच्यावर स्थिर वीज साठते, आणि आत्ता धुतलेली रेकॉर्ड हवेतली धूळ स्वतःकडे खेचू लागते. मग हीच सगळी कृती नुसत्या शुद्ध पाण्याने पुन्हा, म्हणजे द्रावणाचा अंशही राहत नाही.

“काका, लोक नेमके चुकतात कुठे?” मी विचारलं.

“मखमलीत,” ते लगेच म्हणाले. “पहिल्या रेकॉर्डची रेती मखमलीत अडकते आणि दुसऱ्या रेकॉर्डवर घासली जाते. मी प्रत्येक बाजूनंतर पट्टी ब्रशने झाडतो. खंगाळायच्या पाण्यासाठी नळी वेगळी ठेवलीय. पट्ट्या झिजल्या की बदलायच्या, त्यात काटकसर करायची नाही.”

धुतलेली रेकॉर्ड त्यांनी लगेच लावली नाही. खाचेत खोल उरलेला ओलावा जायला वेळ द्यायचा, म्हणून ती ताटाळ्यात अर्धा तास उभी राहिली. नंतर लावली ती पंडित भीमसेन जोशींच्या अभंगांची रेकॉर्ड होती. मला सगळ्यात जास्त फरक जाणवला तो टाळांत. धुण्याआधी टाळ आणि खरखर एकमेकांत मिसळून एक जाडसर सळसळ ऐकू येत होती. आता टाळाचा आघात वेगळा, त्याची झणकार वेगळी, आणि ती झणकार विरत जाते तेही ऐकू येत होतं.

पाणी कोणतं घ्यावं

यंत्र कितीही चांगलं असलं तरी पाणी चुकलं की सगळं चुकतं. नळाच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार असतात आणि पाणी उडालं की ते खाचेत राहतात. घरच्या आरओच्या पाण्यातही थोडे क्षार उरतातच. डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणीच घ्यावं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते पाणी अनेक जण वापरतात. ते चालतं, पण बाटलीवर नीट वाचावं, कारण त्याच दुकानात बॅटरीचं ॲसिडही शेजारीच असतं.

नुसतं शुद्ध पाणी विनाइलवर नीट पसरत नाही. त्याचे थेंब होऊन ते खाचेवर तरंगत राहतात, तळाशी पोचत नाहीत. म्हणून पाण्याचा पृष्ठताण कमी करणारा पदार्थ अगदी थोडा घालावा लागतो. अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने या कामासाठी टर्जिटॉल या जातीचा पदार्थ सुचवला आहे. फोटो धुणारे लोक फिल्मवर डाग राहू नयेत म्हणून जे वेटिंग एजंट वापरत, तेही काही संग्राहक वापरतात. प्रमाण थेंबांत मोजायचं. जास्त घातलं तर तोच पदार्थ खाचेत राहून नवा मळ होतो. भांड्याचा साबण आणि शाम्पू यांत रंग, सुगंध आणि इतर घटक असतात, ते टाळावेत.

आयसोप्रोपिल अल्कोहोलबद्दल मतभेद आहेत. तेलकट मळासाठी घरगुती द्रावणात ते थोड्या प्रमाणात घालणारे पुष्कळ आहेत, संग्रहालयं मात्र शक्यतो टाळतात. घालायचंच असेल तर कमी घालावं, रेकॉर्डवर फार वेळ राहू देऊ नये आणि देवघरातला दिवा किंवा गॅस जवळ असेल तिथे बाटली उघडू नये.

हाताने बांधलेलं यंत्र

परदेशी यंत्र आयात शुल्कासह घरी येईपर्यंत किंमत पाच आकड्यांत जाते. ज्याच्याकडे पंधरा-वीस रेकॉर्डी आहेत त्याने एवढा खर्च का करावा, हा प्रश्न रास्त आहे. ठाण्याच्या एका अभियंता मुलीने त्याचं उत्तर स्वतः बांधलं. भंगारातून आणलेल्या टर्नटेबलचा फिरणारा भाग तिने पाया म्हणून घेतला. प्लास्टिकच्या नळीला फट पाडून तिच्या काठांवर मखमलीच्या पट्ट्या चिकटवल्या आणि ती नळी व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपाला जोडली. रेकॉर्ड ती हाताने फिरवते. आजोबांच्या नाट्यगीतांच्या रेकॉर्डींपासून तिने सुरुवात केली, आता तिच्या इमारतीतले शेजारीही रेकॉर्डी आणून देतात.

असं यंत्र बांधणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवावी. व्हॅक्यूम क्लीनर ओलं आणि कोरडं दोन्ही शोषणाराच हवा. साध्या घरगुती क्लीनरमध्ये पाणी थेट मोटारीपर्यंत पोचतं आणि विजेचा झटका बसू शकतो. शोषणाचा जोर फार असेल तर रेकॉर्ड नळीला चिकटून थांबते, म्हणून पाइपाला हवा आत येण्यासाठी लहान भोक ठेवावं.

जे यंत्राला जमत नाही

धुतल्यावर सगळ्या रेकॉर्डी नव्या होतात, असं सांगणं खोटेपणाचं होईल. काय जाईल आणि काय राहील, हे कानाने आधीच ओळखता येतं. एलपीची एक फेरी १.८ सेकंदांत होते. बरोबर तेवढ्या अंतराने एकच टकटक पुन्हा पुन्हा येत असेल, तर बहुधा तो ओरखडा आहे आणि तो राहणार. अनियमित, विखुरलेली तडतड बहुतेकदा धूळ आणि स्थिर वीज यांची असते, ती जाते किंवा पुष्कळ कमी होते. उंच स्वरात किंवा जोरकस तानेत आवाज फाटत असेल, तर जड किंवा झिजलेल्या सुयांनी खाचेची भिंतच झिजवली आहे. ती भरून येत नाही. छापतानाच विनाइलमध्ये राहिलेला दोष असेल तर तोही तसाच राहतो.

लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा धर्म वेगळा आहे, आणि मराठी घरांत त्या अजून पुष्कळ आहेत. एचएमव्ही, ओडियन, यंग इंडिया यांची लेबलं, त्यांवर संगीत नाटकांतली पदं, भावगीतं, लावण्या. या तबकड्या लाखेत दगडाची बारीक भुकटी आणि काजळी मिसळून केलेल्या असत. अल्कोहोल लाख विरघळवतं. विनाइलसाठी केलेल्या द्रावणात अल्कोहोल असेल, तर ते लाखेच्या तबकडीला एकदाही लागता कामा नये, गाणं कायमचं जातं. लाखेच्या तबकडीला अल्कोहोलविरहित द्रावण, थोडाच वेळ, आणि लगेच कोरडं करणं एवढंच. तडा गेलेली असेल तर ओली करू नये, कारण पाणी तड्यातून आत शिरतं आणि आतला भराव फुगतो. लेबलाचा कागद आणि शाई भिजू देऊ नये. लेबलावरचा क्रमांक आणि नाव हाच पुष्कळदा त्या ध्वनिमुद्रणाचा एकमेव उरलेला पुरावा असतो.

तिसरा प्रकार क्वचित सापडतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर काळ्या लॅकरचा थर असलेली तबकडी. ती हाताला थंड आणि जड लागते, कडेला किंवा मधल्या भोकाशी धातू दिसतो. अशी तबकडी बहुधा एकमेव प्रत असते. ती घरी धुऊ नये, जाणकार संग्रहालयाकडे न्यावी.

बुरशी असलेल्या रेकॉर्डी हाताळताना मास्क लावावा, जुनं आतलं पाकीट टाकून द्यावं आणि त्या पेटीतल्या बाकीच्या रेकॉर्डी वेगळ्या ठेवाव्यात. विनाइलवरची बुरशी बहुतेक वेळा पूर्ण निघते.

धुतल्यानंतर

धुतलेली रेकॉर्ड जुन्या कागदी पाकिटात परत घालणं म्हणजे केलेलं काम मोडणं. आतून गुळगुळीत प्लास्टिकचं अस्तर असलेलं, स्थिर वीज न साठवणारं नवं पाकीट वापरावं. मूळ पाकिटावर छापील मजकूर असेल तर ते वेगळं जपून ठेवावं. रेकॉर्डी उभ्या ठेवाव्यात, आडव्या रचू नयेत. कपाट बाहेरच्या ओलसर भिंतीला टेकलेलं नसावं, ऊन थेट पडू नये. पावसाळ्यात कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि त्या वेळोवेळी सुकवाव्यात. सुईचं टोक मागून पुढे, म्हणजे रेकॉर्ड फिरते त्याच दिशेने, बारीक ब्रशने साफ करावं. स्वच्छ रेकॉर्डवर मळकी सुई ठेवली तर काय उपयोग?

घरोघरी विखुरलेलं संग्रहालय

आता एवढा खटाटोप कशासाठी, याकडे येऊ. १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड अंतराळात गेली. त्यात भारताचा आवाज म्हणून निवडली गेली गोव्याच्या केरी गावात जन्मलेल्या सूरश्री केसरबाई केरकर यांची भैरवी. ती मूळ रेकॉर्ड तेव्हा बाजारात मिळत नव्हती. शोध घेता घेता न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या काही प्रती सापडल्या. कुणीतरी, कुठेतरी, प्रती टिकवल्या होत्या म्हणून केसरबाई आज सूर्यमालेच्या पलीकडे आहेत.

आपलं बरंचसं ध्वनिमुद्रित संगीत अशाच आधारावर उभं आहे. मुंबईत काही जाणकारांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स स्थापन करून वर्षानुवर्षं जुन्या तबकड्यांची नोंद आणि अभ्यास केला, तो याच जाणिवेतून. एलपीच्या काळातले मोठे कलावंत बहुतांशी डिजिटल रूपात मिळतात. पण लाखेच्या तबकड्यांवरचे कितीतरी गायक-गायिका, तमाशातले कलावंत, कीर्तनकार आणि विनोदी संवाद कुठल्याही संगीतसेवेवर नाहीत. ते एखाद्या वाड्याच्या माळ्यावर आहेत, पुण्याच्या जुन्या बाजारात चादरीवर मांडलेले आहेत, मुंबईच्या चोर बाजारात गठ्ठ्यात बांधलेले आहेत.

डिजिटल प्रत करायची असेल तर धुणं आधी आणि प्रत नंतर, हाच संग्रहालयांचा नियम आहे. टकटक काढणारं सॉफ्टवेअर नंतर वापरता येतं, पण ते आघात आणि टकटक यांत नेहमीच फरक करू शकत नाही. तबल्याच्या चाटेवरचा कोरडा बोल, सरोदचा टोला, घुंगराचा ठिपका यांनाही ते कधी कधी मळ समजून बोथट करतं. पाण्याने काढलेल्या मळाबरोबर गाण्यातलं काहीच जात नाही. म्हणून सॉफ्टवेअरला जितकं कमी काम उरेल तितकं चांगलं.

रेकॉर्डींना पुन्हा दिवस आले आहेत. अमेरिकेत २०२० साली विनाइलच्या विक्रीतलं उत्पन्न सीडीपेक्षा जास्त झालं, तसं १९८६ नंतर पहिल्यांदाच घडलं. आपल्याकडेही नव्या रेकॉर्डी निघत आहेत आणि तरुण मुलं त्या घेत आहेत, याचा आनंद आहे. पण नव्या रेकॉर्डी पुन्हा छापता येतात. जुन्या तबकड्यांपैकी अनेकांचे मूळ साचे आता नाहीत, आणि ज्या प्रती आहेत तेवढ्याच आहेत.

म्हणून दोन विनंत्या. पहिली, नगर वाचनालयांना, संगीत मंडळांना आणि गांधर्व महाविद्यालयांसारख्या संस्थांना. तुम्ही एक यंत्र घ्या, एक माणूस तयार करा, आणि महिन्यातून एक दिवस गावातल्या लोकांना त्यांच्या रेकॉर्डी घेऊन या म्हणून सांगा. खर्च एका मैफलीच्या मानधनापेक्षा जास्त नाही, आणि त्यातून किती मैफली परत ऐकू येतील याचा हिशेब करा. दुसरी विनंती ज्यांच्या घरात वडिलांच्या किंवा आजोबांच्या रेकॉर्डींची पेटी आहे त्यांना. ती वाजत नाही, नुसती खरखरते, म्हणून भंगारवाल्याला देऊ नका. आधी लेबलं वाचा, फोटो काढून ठेवा, जाणकाराकडून त्या धुऊन घ्या आणि मगच निकाल करा. धुतल्याशिवाय कुठलीही रेकॉर्ड खराब ठरवायची नसते.